एकवीस नंबरची नापास केबिन

रेल्वेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या पायाशी एक पेडल असतं. ते दर मिनिटाला एकदा दाबायचं. विसरलात तर बझर कोकलतो. तरीही दाबलं नाही, तर इंजिन समजतं की ड्रायव्हरला डुलकी लागली किंवा भोवळ आली, आणि ते आपणहून ब्रेक लावून उभं राहतं. मोठी शहाणी सोय आहे. फक्त पेडलापर्यंत पाय पोचायला हवा.

चिमणीचा पोचत नव्हता.

चिमणी हे तिचं इंजिनांच्या शेडमधलं नाव. सात वर्षं ती मालगाड्या चालवत होती आणि एकही सिग्नल तिने चुकवला नव्हता. पण उंची देताना देवाने हात आखडता घेतला होता, आणि एकवीस नंबरच्या इंजिनातली खुर्ची कुणाच्या मापाने कोण जाणे, पण जी बसवली होती ती कायमची. ना वर होई, ना खाली, ना पुढे. नुसती खुर्चीत बसली तर चिमणीचे चवडे कसेबसे पेडलाला लागत, पण समोरच्या काचेतून दिसे निव्वळ आभाळ. घरच्या दोन उशा खाली घेतल्या की रूळ दिसे, पण पाय लोंबकळत. म्हणून तिने उशा घेतल्या आणि उजव्या बुटाखाली लाकडाचा ठोकळा बांधला. सात वर्षं ती त्या ठोकळ्यावर गाडी हाकत होती.

हे दुरुस्तीच्या वहीत लिहायचं नाही का? नाही! त्या शेडमध्ये ड्रायव्हर वहीत फक्त इंजिनाचं दुखणं लिहीत. ब्रेक, चाकं, तेल. आपलं दुखणं लिहिणारा ड्रायव्हर कच्चा, असा तिथला रिवाज. छपरातून पाणी गळतं? ड्रायव्हर साबणाची डबी टांगत. खिडकी थडथडते? पुठ्ठा कोंबत. दाराच्या फटीतून वारा शिट्ट्या मारतो? मोजा. आणि बाकी सगळ्याला चिमणीचा असिस्टंट चिकटपट्टी लावी. इतकी लावी की त्याचं नावच चिकटपट्टी पडलं होतं.

दर तीन वर्षांनी केबिनची तपासणी होई. आदल्या दिवशी सगळे मिळून केबिन अशी नटवत की तपासनीस बघतच राही. कागदावर नऊ वर्षं एकच शब्द होता, ‘ठीक’. तो कागद फोरमनने काचेत घालून भिंतीवर लावला होता.

यंदाची तपासणी उद्यावर आली, तेव्हा संध्याकाळी चिमणीचे सासरे अंगणात रंधा मारत बसले होते. जुना ठोकळा झिजला होता, ते नवा करत होते. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, पण आज हात मध्येच थांबत होता.

“सूनबाई, एक विचारू? हसशील.”

“विचारा ना बाबा.”

“मी जन्मभर खुर्च्या केल्या. गिऱ्हाईकाचे पाय टेकले नाहीत तर मी खुर्चीचे पाय कापले. गिऱ्हाईकाला कधी पाय जोडले नाहीत. आणि आता म्हातारपणी सुनेलाच जोडतोय!”

चिमणी हसली. पण हसता हसता मनात हिशेब सुरू झाला. उद्या पुन्हा ‘ठीक’ लिहिलं गेलं, की आणखी तीन वर्षं हाच ठोकळा. आणि ठोकळा तपासणीच्या साहेबांना दिसला तर? “बाईची उंची कमी पडते,” असं लिहून तिला इंजिनावरून उतरवतील आणि कुठल्यातरी कपाटामागे फायली लावायला बसवतील. झाकावं तर पायाला घोर, उघडावं तर पोटाला.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “राहू दे तो ठोकळा.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच शेडमध्ये गेली. एकवीस नंबरच्या केबिनमध्ये चिकटपट्टी शेवटची पट्टी दाताने तोडत होता.

“या चिमणीताई! बघा, नवरीसारखी सजवलीय.”

“काढ सगळं.”

“काय?”

“पट्ट्या, पुठ्ठा, मोजा, डबी. सगळं. साहेबांना केबिन दाखवायची आहे, आपली कारागिरी नव्हे.”

“अहो, नऊ वर्षांची मेहनत आहे माझी! या कोपऱ्यात तर सात थर आहेत!”

“म्हणून तर तिला कुणी दुरुस्त केलं नाही. आपण दरवेळी तिचा पेपर लिहून देतो आणि ती पास होते.”

चिकटपट्टीने पहिली पट्टी ओढली. चर्र! दुसरी चर्र! तिसरीला त्याला मजा वाटू लागली. सातवा थर निघाला तेव्हा आतून त्याचा नऊ वर्षांपूर्वी हरवलेला कंगवा निघाला, आणि दोघं हसून लोळायची बाकी राहिली.

तेवढ्यात फोरमन तपासनीसांना घेऊन आला. तपासनीस म्हणजे ताडमाड माणूस, हातात आवाज मोजायचं यंत्र, फूटपट्टी आणि कागदांची चळत. उघडीबोडकी केबिन पाहून फोरमनचा चेहरा उतरला.

“अरे, माझी केबिन कुठे गेली?”

“हीच ती,” चिमणी म्हणाली. “आंघोळ करून आलीय.”

“चालवून दाखवा. यार्डातच, हळू,” तपासनीस म्हणाले.

चिमणी बसली. उशा नाहीत, ठोकळा नाही. तिने इंजिन हलवलं आणि दाराच्या फटीने अशी शिट्टी मारली की तपासनीसांच्या यंत्राचा काटा दचकला. खिडकी थडथडू लागली. छपरातून रात्रीच्या पावसाचा एक थेंब पडला तो नेमका फोरमनच्या टाळूवर.

“बाई, समोर काय दिसतंय?” तपासनीसांनी खिडकीच्या आवाजावर ओरडून विचारलं.

“ढग, साहेब!”

“आणि सिग्नल?”

“सिग्नल ढगात असेल तर दिसेल!”

“मग वर सरका ना!”

ती खुर्चीत उकिडवी झाली. आता रूळ दिसले, सिग्नल दिसला, पलीकडे चहाच्या टपरीवर जमलेले झाडून सगळे ड्रायव्हरही दिसले. पण पाय पेडलापासून वीतभर वर. बझर कोकलला. मग खाड्‌कन ब्रेक. चौघंही पुढे झुकली आणि मागे आली.

“पुन्हा,” तपासनीस म्हणाले.

पुन्हा निघाली, पुन्हा ढग, पुन्हा उकिडवी, पुन्हा बझर, पुन्हा खाड्‌कन. तिसऱ्यांदा तर टपरीवरचे ड्रायव्हर आधीच ओरडले, “आता थांबणार! थांबली!”

फोरमन घाम पुसत म्हणाला, “साहेब, सोपं आहे. इंजिन उत्तम आहे. बाई कमी पडतात. एकवीस नंबरला दुसरा ड्रायव्हर देतो, उंच बघून.”

चिमणीचं हसू मावळलं. सात वर्षं जे पोटात दडवून ठेवलं होतं ते फोरमनने एका वाक्यात बाहेर काढून ठेवलं. ती खुर्चीतून उतरली आणि म्हणाली, “साहेब, मी कमी पडते की खुर्ची, ते तुम्ही ठरवा. पण एकदा तुम्ही बसून बघा. तुम्ही उंच आहात.”

तपासनीस बसले. म्हणजे बसायला गेले. गुडघे आधी आले. उजवा समोरच्या पत्र्याखाली अडकला आणि डावा थेट हॉर्नच्या दांड्यावर.

पोंऽऽऽऽ!

“काढा! काढा!” फोरमन ओरडला.

“काय काढू?”

“पाय, साहेब!”

“निघत नाही!”

पोंऽऽऽऽ! टपरीवरचे ड्रायव्हर धावत सुटले. कुणी म्हणे आग लागली, कुणी म्हणे ब्रेक गेले. चिकटपट्टीने साहेबांचा एक बूट धरला, चिमणीने दुसरा, आणि “एक, दोन, तीन” म्हणून ओढलं. साहेब निघाले, बूट हातात राहिले. हॉर्न थांबला. त्या शांततेत आधी तपासनीसच हसले, मोज्यांवर उभे राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळं यार्ड हसलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी फूटपट्टी काढली. खुर्ची मोजली, पेडल मोजलं, खुर्चीपासून काचेचा खालचा काठ मोजला.

“फोरमनसाहेब,” ते म्हणाले, “माझ्या या कागदांत ड्रायव्हर किती उंच असावा ते कुठेच नाही. केबिन कशी असावी ते पानोपान आहे. खुर्ची हलली पाहिजे, पेडल पोचलं पाहिजे, काचेतून रूळ दिसला पाहिजे. या बाईंना हे जमत नाही, मलाही नाही. मग ही खुर्ची केली कुणासाठी?”

फोरमनने डोक्यावरचा थेंब पुसला. “तिथे बसून कुणी बघितलंच नाही, साहेब,” तो हळूच म्हणाला.

तपासनीसांनी लाल कार्ड लिहिलं आणि इंजिनाच्या दांड्याला बांधलं. खुर्ची आणि पेडल नीट होईपर्यंत इंजिन बंद.

“म्हणजे नापास?” चिकटपट्टीने विचारलं.

“सपशेल.”

“नापास!” तो खिडकीतून ओरडला. “आपली एकवीस नापास!” आणि खाली पन्नास माणसांनी टोप्या उडवल्या. कुठल्याही शाळेतल्या मास्तरांनी असा निकाल कधी पाहिला नसेल.

गलका ओसरला तेव्हा चिमणीने दुरुस्तीची वही मागितली. तिने लिहिलं, “खुर्ची हलत नाही. ड्रायव्हरला रूळ आणि पेडल दोन्ही एका वेळी हवीत.” खाली सही केली. वही मिटायच्या आत मागून कुणीतरी पेन घेतलं. “माझ्या चौदा नंबरला पंखा नाही, लिहू?” “माझ्या केबिनमध्ये काचेवर ऊन येतं, सिग्नल लाल की हिरवा कळत नाही!” “आणि सात तास पाण्याची सोय नाही, ते कुठे लिहायचं?” रांग शेडच्या दारापर्यंत गेली. फोरमन दुसरी वही आणायला गेला, जाता जाता पुटपुटत, “नऊ वर्षं ठीक होतं हो सगळं!”

नवी खुर्ची यायला एकोणीस दिवस लागले. बाजूला एक दांडी होती. चिमणीने ती ओढली, खुर्ची उचलली गेली, समोरचे दोन्ही रूळ लांबवर दिसले. पेडलही उंच करून त्याच्या शेजारी पाय टेकायला फळी दिली होती. तिने पाय खाली सोडले. तळवे टेकले, दोन्ही, पूर्ण. तिने खुर्ची खाली घेतली, वर घेतली, खाली, वर.

“चिमणीताई,” चिकटपट्टी म्हणाला, “मागे मालगाडी लावलीय. चौतीस डबे. निघायचं का, की अजून झोके घ्यायचेत?”

“अजून एकदाच,” ती म्हणाली, आणि तिने दांडी पुन्हा ओढली.