चिलटांचा आहेर

आई गेली तेव्हा रुबिएलाकडे तिची म्हणावी अशी एकच जिवंत गोष्ट उरली. बैठकीच्या खोलीतला बिगोनिया. हाताच्या पंजापेक्षा मोठी, तिरकी पानं, मध्ये जवळजवळ काळी आणि कडेला रुपेरी. असा बिगोनिया सगळ्या मानिसालेसमध्ये दुसऱ्या कोणाकडे नाही, असं आई म्हणायची. शहराचं माहीत नाही, पण इमारतीत तरी नव्हता. आईने तो कधी कोणाला दिला नाही आणि कोणाला चोरूही दिला नाही.

आमच्याकडे मागून आणलेली फांदी जगत नाही. ती चोरून आणली तरच मूळ धरते, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. म्हणून पाहुणी उठायच्या बेतात आली की घरची बाई कॉफीचे कप उचलून स्वयंपाकघरात जाते आणि नळ जरा जास्तच वेळ सोडून ठेवते. तेवढ्यात पाहुणीने फांदी मोडून पर्समध्ये टाकायची. नंतर कोणी विषय काढायचा नाही, आभारही मानायचे नाहीत. जी बाई अशी पाठ फिरवत नाही तिला लोक चिक्कू म्हणतात. रुबिएलाच्या आईला म्हणायचेच.

आईच्या मृत्यूनंतर नऊ संध्याकाळ घरात जपमाळेची प्रार्थना झाली. शेवटच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या डोन्या एदिल्मा एक भलीमोठी कुंडी छातीशी धरून वर आल्या. कुंडीत दाट, लोंबता नेचा होता.

"तिच्या जागी काहीतरी हिरवं असू दे, पोरी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो बिगोनियाला खेटून ठेवला. रुबिएलाला भरून आलं. शेजारणींना प्यायला गरम चॉकलेट ढवळायला ती आत गेली.

थोड्याच दिवसांत घरात चिलटं दिसू लागली. बारीक, काळी, दिव्याभोवती घुटमळणारी. कॉफीच्या कपात पडायची, बोलताना तोंडात जायची. पिकलेल्या केळ्यांमुळे असतील असं समजून रुबिएलाने केळी फेकली. चिलटं गेली नाहीत. बिगोनियाची पानं मात्र मान टाकू लागली. रुबिएला दातांच्या दवाखान्यात दिवसभर पेशंटांची नावं पुकारायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पहिली नजर त्या पानांवर टाकायची. मग आई करायची तेच ती करायची. गाळलेल्या कॉफीचा ओला चोथा मातीवर पसरायचा आणि वरून पाणी. या गावातल्या प्रत्येक कुंडीला हेच खत मिळतं. ढग खिडकीतून आत येतात अशा हवेत ती माती कधी सुकत नाही, आणि ओला, बुरसटलेला चोथा म्हणजे चिलटांच्या अळ्यांना मेजवानी. त्या वाढल्या की कोवळ्या मुळांवरही तुटून पडतात. हे रुबिएलाला कळलं तेव्हा बिगोनियाचं खोड हातात आलं होतं. खाली मूळ म्हणून काही उरलं नव्हतं. मातीत काळ्या डोक्याच्या काचेसारख्या अळ्या वळवळत होत्या.

मग ती इरेला पेटली. बटाट्याच्या चकत्या मातीवर उपड्या ठेवून अळ्या गोळा केल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या. पिवळ्या पुठ्ठ्यांना तेल चोपडून ते कुंड्यांत रोवले, ते चिलटांनी काळे झाले. पाणी बंद केलं, मातीवर वाळूचा थर दिला. चिलटं संपली. पण वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बिगोनियाची शेवटची पानं तिने रुजवायला लावली होती, तीही कुजली.

नेचा मात्र मजेत होता.

समोरच्या घरातली मार्लेनी एकदा जिन्यात भेटली. तिला सगळ्या मजल्यांची खबर असते.

"तो नेचा अजून ठेवलायस? मी असते तर कुंडीसकट दरीत भिरकावला असता."

"का गं?"

"का म्हणजे? अगं, तुझी आई इस्पितळात होती तेव्हा डोन्या एदिल्माच्या घरात चिलटांनी उच्छाद मांडला होता. तिने चांगल्या चार कुंड्या मातीसकट मागच्या नाल्यात ओतल्या. मीच हात लावला उचलायला. नेचा तेवढा राहू दे म्हणाली. मला वाटलं, जीव असेल तिचा त्याच्यावर."

रुबिएला तशीच जिना चढली. घरी जाऊन तिने नेचा उपटला, मुळं हातात घेऊन पाहिली आणि कचऱ्याच्या पिशवीत कोंबला. त्या रात्री तिला रडू आलं नाही. काय करायचं ते ठरल्यामुळे झोप उलट चांगली लागली.

दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत एक क्रोटन होता. त्याच्या देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणांची वस्ती होती. कापसाचे बारके पुंजके वाटावेत तसे. रुबिएला आजवर ते स्पिरिटच्या बोळ्याने टिपायची. आता तिने सगळ्यात भरलेलं पान खुडून पाकिटात घातलं आणि घरी आणलं. बाजारातून एक देखणा मनी प्लांट घेतला. हिरव्यावर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखी पानं. एकदा पाहिलं की हात शिवशिवावा असाच निवडला. पाकिटातलं पान तिने त्याच्या देठाला बांधलं, आणि पांढरे जीव नव्या फांद्यांच्या सांध्यांत नीट शिरेपर्यंत कुंडी न्हाणीघरात ठेवली. मग ती आपल्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर मांडली. डोन्या एदिल्मा कपडे वाळत घालायला गच्चीवर जायच्या त्या तिथूनच.

पहिल्याच आठवड्यात मनी प्लांटची सगळ्यात लांब फांदी नाहीशी झाली. चिमटीने मोडल्याची ओली खूण तेवढी राहिली. रुबिएलाने कुंडी उचलली, उरलेलं रोप साबणाच्या पाण्यात बुडवून मारलं आणि फेकून दिलं.

डोन्या एदिल्मांची बैठक म्हणजे गल्लीचं भूषण होतं. दारापासून खिडकीपर्यंत कुंड्या, टीव्हीवर कुंड्या, पाहुण्यांना बसायला खुर्ची रिकामी करावी लागायची. कुठल्या कुठल्या बायका बघायला यायच्या. तिथे काय चाललंय ते मार्लेनी येऊन सांगू लागली.

"मनी प्लांट गेला."

मग, "अँथुरियमवर आलंय. सगळं चिकट चिकट. मुंग्यांची रांग लागलीय."

मग, "म्हातारी दिवसभर जुना टूथब्रश घेऊन पानं घासत बसते. तोंड बघवत नाही गं."

"अरेरे," रुबिएला म्हणायची आणि मार्लेनीला अरेपावर, मक्याच्या जाड भाकरीवर, चीजची आणखी एक चकती वाढायची.

"आणि तो काळा बिगोनिया, तुझ्या आईकडे होता ना तसलाच, त्याच्यावरही आज दोन दिसले."

रुबिएलाचा हात थांबला. "कसला काळा?"

"काळा, कडेला चांदीसारखा. झोपायच्या खोलीत ठेवते ती, कोणाला दाखवत नाही. मी चादर बदलायला मदत केली म्हणून दिसला."

मार्लेनी गेल्यावर रुबिएला पर्स घेऊन बाहेर पडली. तिने बेकरीतून गरम चीजचे पाव आणले आणि खाली जाऊन दार वाजवलं.

"ये ये, पोरी," डोन्या एदिल्मा म्हणाल्या. हातात टूथब्रश होता. बिगोनिया आता बैठकीतच, साबणाच्या बादलीशेजारी ठेवलेला होता. लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. "बघ कशी अवदसा आलीय माझ्या घरात."

"कुठून आली असेल?"

"तुला नाही माहीत?"

"मला कसं माहीत असणार?"

"तेच म्हणते मी. नेच्यात काय होतं ते मला तरी कसं माहीत असणार होतं."

दोघी समोरासमोर बसल्या. पावाची पिशवी मध्ये पडून राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," रुबिएला म्हणाली.

"होतं." डोन्या एदिल्मांचा आवाज जराही हलला नाही. "तुझ्या आईकडे मी किती वर्षं कॉफी प्यायला येत होते, आठवतंय? एकदा तरी उठली का ती? लघवीला लागली तरी मांड्या आवळून बसून राहायची, डोळे माझ्या हातावर. आणि माझ्याकडे आली की पर्स फुगवून न्यायची. मी आपली नळ सोडून उभी, वेड्यासारखी. नवव्या संध्याकाळी ती नव्हती, तू आत चॉकलेट ढवळत होतीस. घेतला एक तुकडा."

"तुकडा घ्यायचा होता तर घ्यायचात. नेचा कशाला ठेवलात?"

"बिगोनिया आता माझ्या घरी आहे म्हटल्यावर तुमच्या घरी कशाला हवा?"

रुबिएलाने बिगोनियाकडे पाहिलं. पानं निरोगी होती. खालच्या देठाशी पांढरे ठिपके होते, पण फार नाहीत. एक पान मिळालं तर पुरे होतं. बिगोनिया पानावरूनही उगवतो.

डोन्या एदिल्मांनी ती नजर पकडली. "हवंय? मग माग ना. तोंडाने माग, मी माझ्या हाताने कापून देते, वर रिबीनही बांधते."

मागितलेलं जगत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणूनच म्हातारी हसत होती. ती खुर्चीत मागे रेलली, हात मांडीवर घेतले आणि रुबिएलाच्या बोटांवर नजर रोखून बसली. अगदी आई बसायची तशी. कॉफी होऊन जाऊ दे, संध्याकाळ होऊ दे, ती उठणार नव्हती.

तिला उठवेल असं रुबिएलापाशी एकच होतं, आणि ते हातचं सोडायची तिची इच्छा नव्हती. पानं कितीही घासली तरी हे जीव जात नव्हते, याचं कारण तिला दवाखान्यातल्या क्रोटनने शिकवलं होतं. ते नुसतं मनात राखून ठेवलं असतं तर महिन्याभरात ही बैठक उजाड झाली असती.

"पानं कसली घासताय," ती शेवटी म्हणाली. "मुळं बघितलीत? खाली दडून बसतात ते. वरचे मारले की खालचे चढतात. अँथुरियम उपटून बघा."

डोन्या एदिल्मांचं हसू गेलं. त्यांनी अँथुरियमकडे पाहिलं, मग रुबिएलाकडे, मग पुन्हा अँथुरियमकडे. तो त्यांच्या घरातला सगळ्यात जुना होता. त्या उठल्या, कुंडीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी मातीचा गोळा बाहेर ओढला. मुळांवर कापूस पसरलेला होता.

"अगं आई गं," त्या म्हणाल्या. त्यांची पाठ रुबिएलाकडे होती.

एक पान पुरलं असतं. रुबिएलाने सगळी तोडली. मग खोड बुंध्याशी धरून ओढलं, ते मुळांसकट आलं. सगळं पावाच्या रिकाम्या केलेल्या पिशवीत घालून ती दाराशी पोचली तेव्हा डोन्या एदिल्मा वळल्या. पाव टेबलावर होते. कुंडीत नुसती माती होती.

"चोरटे!"

"नळ सोडून ठेवायचा असतो, डोन्या एदिल्मा," रुबिएला म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

वर येऊन तिने पानं एकेक करून दिव्यासमोर धरली, स्पिरिटच्या बोळ्याने शिरा पुसल्या, देठाच्या खाचेत लपलेले दोन पांढरे जीव नखाने चिरडले. सगळ्यात चांगलं पान भाजून निवलेल्या वाळूत टेकवलं. बाकीची पानं आणि खोड तिने पातेल्यात उकळून टाकलं, कचऱ्यातूनही कोणाला काही मिळू नये म्हणून. खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकल्याचा आवाज येत होता. जिन्यात मार्लेनीचं दार उघडलं. तिने खाली वाकून काय झालं म्हणून विचारलं, पण डोन्या एदिल्मांनी तिला काही सांगितलं नाही. झाड चोरीला गेलं अशी तक्रार आमच्याकडे कोणी करत नाही.