अकरा नंबरचा तिसरा कप

आमच्या चवीच्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे. अत्तर, केसांचं तेल, तंबाखू, बाम, तोंडात लवंग, यातलं काहीही घेऊन आत येऊ नये. अक्षर माझं. बावीस वर्षं मी या डोंगरातली कॉफी चाखतोय. त्या पाटीच्या जोरावर मी आजवर एक बँक मॅनेजर, दोन खरेदीदार आणि स्वतःचा सख्खा मेहुणा दारातून परत पाठवलाय. मेहुण्याच्या अंगाला अत्तराचा वास फारसा येत नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

लोक मला नाकसाहेब म्हणतात. तोंडावरसुद्धा. मला ते आवडायचं.

त्या सकाळी माझी मान धरली होती. बायकोने मानेला बाम चोळला, वर मफलर गुंडाळला आणि म्हणाली, "आज राहू दे ना जायचं."

"मग चाखणार कोण?"

"दोघं आहेत की तिथे. त्यांना काय नाकं नाहीत?"

मी हसलो. आपल्याच मानेचा बाम पाच मिनिटांत आपल्याला जाणवेनासा होतो. दारात धाकट्या परीक्षकाने नाक जरासं हलवलं, माझ्याकडे पाहिलं आणि नंतर छताकडे पाहिलं. मुख्य परीक्षकाला 'तुमच्या अंगाला वास येतोय' असं सांगायला वेगळी छाती लागते.

आमची पद्धत अशी. प्रत्येक मालाचे पाच कप मांडायचे, वर फक्त नंबर. दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतलं की चोथ्याचा जाड थर तरंगतो. तो चमच्याने मोडायचा आणि सुटलेल्या वाफेत नाक घालायचं. मग घोट असा ओढायचा, की सासरच्या माणसांसमोर ओढता येणार नाही. पाचातला एक कप जरी नासका निघाला, तरी तो माल बाद.

अकरा नंबरचे पहिले दोन कप मोडले. मध, जर्दाळू, शेवटी संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा. तिसऱ्यावर वाकलो, मोडला, आणि दवाखान्यात शिरल्यासारखं झालं.

"औषधी वास," मी जाहीर केलं.

धाकट्याने हुंगलं. "आहे खरा. पण बाकीचे चार तर नुसता मध आहेत. हा परत करून बघायचा का?"

"नाकाची फेरपरीक्षा नसते," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. वाक्य जमलं होतं.

अकरा नंबर कुणाचा, ते यादी उघडल्यावर कळलं. आत्याचा. ती कुणाची आत्या हे कुणालाच माहीत नाही, पण सगळा डोंगर तिला आत्याच म्हणतो. सगळ्यात वरच्या उतारावर तिची झाडं. तीन वर्षं ती एकच गोष्ट मागत होती: आपली कॉफी सगळ्यांच्या ढिगात न मिसळता स्वतःच्या उताराच्या नावाने बाहेर जावी. त्यासाठी तिने पिकलेलं लालच फळ तोडलं, जाळीच्या माचावर पंचवीस दिवस वाळवलं, तासातासाने हाताने फिरवलं. तीन पोती झाली.

"औषधाचा वास?" निकाल ऐकून तिने विचारलं. "माचापाशी मी साबणसुद्धा नेत नाही."

मी तिला स्वच्छतेवर दहा मिनिटं समजावून सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी "हो साहेब" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिची पोती ढिगात ओतायची ठरली.

घरी आलो. बायकोने मफलर उतरवला आणि त्याचं टोक माझ्यापुढे धरलं.

"हे कशात बुडवून आणलंत?"

टोक तपकिरी झालं होतं. मी हुंगलं. कॉफी, आणि खाली बाम. खाली कसला, वरच बाम. तिसऱ्या कपावर वाकलो तेव्हा हेच टोक आत बुडालं असणार.

तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

"सांगून या जा," बायको म्हणाली.

"सकाळी सांगतो."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण लागला. सकाळी दाढी केली, ती दोनदा केली. नाश्ता केला. बायकोने धुतलेला मफलर माझ्या हातात ठेवला. टोकाचा डाग पुसट झाला होता, गेला नव्हता.

गोदामात पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. दोन पोती ढिगात रिकामी झाली होती. हमालांनी तिसऱ्याची शिवण नुकती उसवायला घेतली होती. आत्या बाजूला उभी राहून बघत होती.

"थांबा," मी म्हणालो. सगळं सांगितलं. पाटी माझी, बाम माझा, मफलर माझा. डाग दाखवला. आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "आत्ता सकाळी लक्षात आलं हो. तसाच धावत आलो."

आत्याने मफलर हातात घेतला. दोन बोटांत चुरगाळला, गालाला लावला.

"लोकरीचा आहे. धुवून पुरता वाळलाय," ती म्हणाली. "या धुक्यात."

मी मफलर परत घ्यायला हात पुढे केला. तिने तो सोडला नाही.

"साहेब, मी वाळवणाऱ्यातली आहे. याला रात्र लागलीय. कधी कळलं?"

"काल. पाचला."

"पाचला गोदाम उघडं असतं." एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. हमाल आपापल्या पायांकडे बघायला लागले. माझ्या पायांकडे बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते मी बघितले.

"हे एक पोतं चाखा," ती धाकट्याला म्हणाली. "यांनी नाही."

तो पोतं घेऊन खोलीत गेला, मागोमाग ती गेली. मी बाहेर, पाटीखाली उभा राहिलो. आतून बिया भाजल्याचा, दळल्याचा आणि मग पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग घोट ओढल्याचे आवाज, पाच वेळा. मग आत्याचं हसणं. ते मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

धाकट्याने दार उघडलं. "पाचही कप स्वच्छ. हे पोतं हिच्या उताराच्या नावाने जाणार. नाकसाहेब, या ना, एक घोट तरी घ्या."

आतून जर्दाळूचा वास येत होता. तो तेवढा मला दारातूनही कळला.

"नको," मी म्हणालो. मान अजून दुखत होती, आणि सकाळी बायकोने पुन्हा बाम चोळला होता.