धूसर नकाशे

त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. सात महिने ते शब्दकोशात 'ज्ञ'च्या पानांत दाबून ठेवलेलं होतं; तिथवर सहसा कुणी जात नाही.

पत्र नकाशे स्कॅन करणाऱ्या बाईंचं होतं. वाचनालयातले शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे त्यांनी वेबसाइटसाठी स्कॅन केले आणि समितीने निवृत्त ग्रंथपालांचं मत मागितलं. त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर पाहून एका ओळीत निकाल लावला: 'रेषा फिसकटलेल्या, काम निष्काळजी.' बाईंचं काम गेलं. 'सर, नकाशे स्पष्ट आहेत. कृपया एकदा दुसऱ्या स्क्रीनवर पाहावेत,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं, असं मनाशी म्हणत ग्रंथपालांनी कोश मिटला होता.

रविवारी दुपारी धाकटी बहीण आली. जन्मभर टायपिस्टची नोकरी केलेली, जिभेला धार. नातीच्या लग्नाचे फोटो दाखवायला तिने त्यांच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला.

"अगं बाई! दादा, ही नवरी आहे की पिठाचं पोतं?"

"फोटोच तसे काढले असतील."

"माझ्या फोनवर तिच्या पापण्या मोजता येतात." तिने चष्मा सरसावला, सेटिंग्ज उघडल्या आणि डिस्प्लेवर गेली. "रिझोल्यूशन इतकं खाली कुणी आणलं?"

ग्रंथपालांनीच ते आणलं होतं. अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा, नजर उतरलीय हे कुणाला सांगायला नको म्हणून, त्यांनी तिथला लहानातला आकडा निवडला होता. अक्षरं मोठी झाली, त्यातच ते खूश होते.

"अरे, यानं चित्रांचा पार लगदा होतो." तिने 'शिफारस केलेलं' असं लिहिलेला आकडा निवडला. पडद्यावर प्रश्न आला: बदल ठेवायचा? पंधरा, चौदा, तेरा...

"थांब, मी बघतो," ग्रंथपाल म्हणाले.

काहीच केलं नाही, तर शून्यावर सगळं पूर्ववत होणार होतं. कुणाला कळलंही नसतं. चारवर त्यांनी 'ठेवा' दाबलं आणि वाचनालयाचा नकाशा उघडला.

गल्ल्या, पूल, विहिरींची वर्तुळं, सुईच्या टोकाएवढी घरमालकांची नावं. रेघ न् रेघ सुटी होती. त्यांचे कान तापले. खाली कोपऱ्यात एक डाग होता. तोही कागदावर होता तस्साच आला होता.

"अक्षरं मोठी करायची सोय वेगळी असते," म्हणत बहिणीने तीही करून दिली. "जन्मभर लोकांना पुस्तकं शोधून दिलीस. स्वतः विचारायला तोंड शिवलं होतं?"

मग त्यांनी तिला ते पत्र दाखवलं. तिने ते वाचलं आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

उत्तराचा पहिला मसुदा 'यंत्रातील बिघाडामुळे' असा सुरू झाला.

"बिघाड?" बहिणीने विचारलं. "कुणी केला?"

तो फाडला. दुसरा फार लांबला, त्यात स्वतःचीच कीव होती, तोही फाडला. तिसऱ्यात लिहिलं: 'तुमचं काम उत्तम होतं. माझा पडदा मीच बिघडवला होता. तुम्ही सांगितलंत तरी मी पाहिलं नाही. समितीलाही हेच लिहिलं आहे, आणि काम तुम्हालाच द्यावं असं म्हटलं आहे. ते आता मिळेल का, ठाऊक नाही.'

सोमवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. खिडकीतल्या कारकून बाईंनी दोन्ही पाकिटांवर शिक्के मारले आणि ती पोत्यात टाकली.