सरकारची पाकिटं

वत्सलाबाईंनी बिल खिडकीच्या उजेडाकडे धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि परत नाकावर आणला.

"दीपक, जीएसटी लावलाय. नंबर कुठाय तुमचा?"

दीपक पाण्याच्या प्युरिफायरचं झाकण बसवत होता. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि कौतुकाने आपल्या लेकीकडे, निकिताकडे पाहिलं. असल्या प्रश्नांना घरात तीच उत्तर द्यायची. अकरावी कॉमर्स, कपाटावर वक्तृत्वाची ढाल, आणि या बिलाचं अख्खं डिझाइन तिचं. वर निळा थेंब, खाली 'धन्यवाद', मधे अठरा टक्के, मॉलच्या बिलावर असतात तसे. जीएसटी असला की बिल कसं खरंखुरं वाटतं, हे तिनेच पप्पांना पटवलं होतं.

"नंबर म्हणजे, तो..." निकिता म्हणाली.

"नोंदणी केलीये का?" वत्सलाबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे. "वर्षाला वीस लाखांच्या वर जातं का काम?"

"कुठलं काकू," दीपक हसला. "कंपनी सोडून सात महिने झाले. वर्षाला चार-पाच लाख झाले तरी लय झालं."

"मग नोंदणी लागत नाही. पण नोंदणी नाही, तर लोकांकडून जीएसटी घेताही येत नाही. सरकारच्या नावाने पैसे घ्यायचे आणि सरकारला पत्ता नाही. याला काय म्हणतात, सांगू?"

निकिता पायाच्या अंगठ्याने फरशीवरची काळी रेघ पुसायला लागली. रेघ फरशीतलीच होती.

"माझी चूक, काकू," दीपक म्हणाला. "मीच सांगितलं होतं तिला टाकायला. पोरीचा काय संबंध नाय."

आणि वर्गात कुणालाही वाक्य पुरं न करू देणाऱ्या निकिताने ते वाक्य पुरं होऊ दिलं.

घरी जाताना स्कूटर सिग्नलला थांबली. पप्पा "ऊन लय आहे" म्हणाले. मागे बसून ती मनात हिशोब करत राहिली. बिल मागणारी चौतीस गिऱ्हाइकं, जीएसटीचे सहा हजारांच्या वर. एवढे पैसे घरात एव्हाना कशात ना कशात गेले असणार. तिच्या क्लासची फी, नव्या मोबाइलचा हप्ता.

"पप्पा, सगळ्यांना परत द्यावे लागतील," घरात शिरल्याशिरल्या ती म्हणाली. "आणायचे कुठून?"

दीपकने स्टूल ओढलं. माळ्यावरून एका जुन्या प्युरिफायरचा रिकामा खोका काढला आणि त्यातून रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा. प्रत्येक पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम, आणि त्याच्या उभ्या, चाचपडत्या अक्षरात एकच शब्द: सरकारचे.

निकिताने वरचं पाकीट हातात घेतलं. उघडून आतल्या नोटा मोजल्या.

"हे कधीपासून?"

"पहिल्या बिलापासनं. म्हटलं, आपले नायत ना ते. कोणतरी मागायला येईल."

"मला विचारायचं ना, कुठे भरायचे ते."

"विचारलं होतं की. गणपतीत." तो रबर बोटाला गुंडाळत होता. "तू म्हणालीस, ऑनलाइन असतं पप्पा ते, तुम्हाला नाही कळायचं. म्हटलं, असेल."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

रविवारी पाकिटं पिशवीत घालून दोघं निघाले. पहिलं घर वत्सलाबाईंचं. जिन्यातच दीपक म्हणाला, "तू नको बोलू. मी बोलतो."

दार उघडलं. वत्सलाबाईंनी पाकीट घेतलं. स्वतःचं नाव वाचलं, मग त्याखालचा शब्द वाचला. चष्म्यावरून त्यांनी एकदा दीपककडे पाहिलं.

"इन्कम टॅक्स वेगळा असतो हं. त्याचं कुणाला तरी नीट विचारून घ्या."

"हो, काकू."

"आणि एक सांगते, रागावू नका. असली बिलं मुलीकडून करून घेत जाऊ नका. तिला काय, बाप सांगेल तसं ती करणार."

"नाही, नाही करणार," दीपक घाईने म्हणाला. "चला, येतो आम्ही."

तो एक पायरी उतरलाही. निकिता दारातच उभी राहिली.

"पप्पांनी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "जीएसटी मी टाकला होता. ते विचारत होते, आणि मीच त्यांना..."

वत्सलाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. पायरीवर दीपक खाली वाकला आणि चपलेचा पट्टा नीट करू लागला.

त्याच्या चपलेला पट्टा नव्हता.