तबकडीतला ढोल

"पुन्ना लाव," गावप्रमुख म्हादू म्हणाला.

लाडूने तिसऱ्यांदा चावी भरली. कॅसलरॉकहून डोक्यावरून वाहून आणलेला रेल्वे क्लबाचा ग्रामोफोन शिमगा खेळायच्या जागेवर, मांडावर, बाकावर बसला होता. शिमगा पंधरवड्यावर आला होता, आणि भर दुपारी सारा नंदिगड्डे गाव त्याच्या कर्ण्यासमोर जमला होता. पितळी बाजा किंचाळला, फिडल रडले आणि मागे कुणीतरी लाकूड टकटकवत राहिले. तीन मिनिटांत सगळा कारभार आटोपला.

"बाजा आयकला," म्हादू म्हणाला. "तुझा ढोल कुटं हाय?"

लाडूचे डोके फिरले. किती वेळा तेच सांगायचे? "सांगिटलं न्हवं अण्णा? ती टकटक म्हंजे मीच."

"मुंबैला जाऊन लाकडं फोडलास व्हय?"

गाव खो खो हसला. हसणाऱ्यांचे काय जात होते? शिमग्याला ढोलावर पहिली काठी मारायचा मान लाडूच्या घराचा. पण तीन वर्षे तो आलाच नव्हता, कारण नेमके त्याच दिवसांत क्लबात साहेबलोकांचा नाच असे आणि बँडातला मोठा ढोल लाडूकडे होता. जाझ म्हणत त्या वाजवण्याला. लाडूच्या दणक्याने तिथल्या फळ्या हादरत, मडमा जोडे भिरकावून नाचत आणि एकच चाल अर्धा अर्धा तास थांबत नसे. पण गावातल्या कुणाला आत शिरायची सोय नव्हती. बायकोने, गिरजानेसुद्धा, ते कधी ऐकले नव्हते. लाडू तिथे बशा धुतो, असेच सगळे धरून चालले होते. यंदापासून मान चुलतभाऊ झिलूला द्यायचे म्हादूने जवळजवळ ठरवलेच होते. म्हणून तर मुंबईला नेऊन बँडाची तबकडी काढली तेव्हा लाडूला वाटले होते, आता सगळ्यांची तोंडे बंद होतील.

"तबकडी भरताना ढोलाच्या दणक्यानं सुई उडती," तो कावून म्हणाला. "म्हून सायबानं मला दाराभायर बशिवलं. ढोल काडून घेतला नि ह्यो ठोकळा दिला हातात. मी काय करू?"

"सुई उडती म्हनं!" सरावासाठी ढोल गळ्यात अडकवून आलेला झिलू फिस्सकन हसला.

गिरजाने मान खाली घातली. ते मात्र लाडूला सोसवेना. त्याने पुन्हा चावी भरून तबकडीवर सुई ठेवली, झिलूच्या गळ्यातला ढोल ओढून घेतला, बाकाला टेकवला आणि काठी हाणली.

बाज्यात एकदम जीव आला. म्हाताऱ्यांचे पाय हलायला लागले. लाडू चेव येऊन वाजवत सुटला, बाक थरथरला आणि सुई उडाली. कर्रर्र करीत ती तबकडीवरून आडवी घसरत गेली. बाजा बंद पडला. लाडू थांबला नाही. ती चाल त्याने एकट्याने शेवटापर्यंत नेली, आणि पुढे तिचा शिमग्याचा ठेका कधी झाला, त्यालाही कळले नाही.

तो थांबला तेव्हा कुणी हसत नव्हते.

"उडती खरी," म्हादू हळूच म्हणाला. "शिमग्याला येशील?"

"सुट्टी गावायची न्हाई, अण्णा."

म्हादूने तोंड फिरवले. लाडूने ढोल उचलून आपल्या हाताने झिलूच्या गळ्यात अडकवला.

वाटणीला आलेली एकुलती तबकडी वाया गेली होती. लाडू ती फेकूनच देणार होता. पण गिरजाने ती पुसून भिंतीला लावली. कुणी घरी आले की ती सुईने ओढलेल्या त्या पांढऱ्या चऱ्यावर बोट ठेवायची.

"बाजा सगळीकडं हाय," ती सांगायची. "ह्येंचा ढोल हितं हाय."