घोट्याच्या वर चार बोटं

"किती वर घेऊ?" अबोकार शिंप्यानं विजार मशीनवर पसरत विचारलं.

"घोट्याच्या वर चार बोटं," तो तरुण म्हणाला आणि दाराबाहेर बघत राहिला.

आठवड्यातली ही सातवी विजार. चार वर्षांपूर्वी होम्बोरीच्या वाटेवरच्या या गावावर जिहादींचा अंमल होता, तेव्हा त्यांच्या हुकमावरून गावातल्या यच्चयावत पुरुषांच्या विजारी त्यानंच आखूड केल्या होत्या. शहाणा माणूस, कापड कापलं नव्हतं, आत दुमडलं होतं. मग फ्रेंच सैन्य आलं, जिहादी पळाले, आणि त्यानं दुमडी उसवून सगळ्या विजारी पुन्हा लांब केल्या. वर फ्रेंच झेंडेही शिवले. आता फ्रेंच गाड्या नुसत्या हमरस्त्यावरून धुरळा उडवत जात आणि रेडिओ सगळं आलबेल असल्याचं सांगे. अबोकारचा भरवसा विजारींवर होता.

दुपारी अतेमे आला. गावच्या शाळेचा मास्तर.

"काय रे गुलामा, मालक आला तरी बूड हलत नाही?"

"कांद्याचा वास आला, म्हणून नाक धरून बसलोय."

अबोकार सोंगाय, अतेमे कांदे पिकवणाऱ्या डोगोनांपैकी. या दोन जमातींचं थट्टेचं नातं वाडवडिलांपासूनचं. वाट्टेल ते बोलावं, राग धरायचा नाही. तीस वर्षांत हे दोघं एकमेकांशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते.

अतेमेनं आपली नवी विजार उलगडून अंगाला लावली, आणि हसत सुटला. ती घोट्याच्या वर चार बोटं होती.

"लेका, मला जिहादी करतोस? पोरं वर्गात बसायची नाहीत."

"थट्टा नाही करत. ते परत आलेत. शाळेला कुलूप लाव आणि बायकोला घेऊन राजधानीत, बामाकोला जा."

"ऐका! गुलाम मालकाला पळायला सांगतोय. माझ्या आज्यानं तुझ्या आज्याला कांद्याच्या एका माळेवर घेतला, तेव्हापासून तुमचं खानदान घाबरट." हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काउंटरवरची कात्री घेऊन त्यानं तिथंच दुमड उसवली आणि लांब झालेली विजार काखेत मारून गेला.

चूक आपलीच झाली, हे अबोकारला तो गेल्यावर कळलं. अहोजाहो केलं असतं, 'अतेमेसर' म्हटलं असतं, तर तो दचकला असता. त्यानं रिकाम्या दुकानात दोनदा म्हणून पाहिलं, "अतेमेसर, माझं ऐका." जीभ अडखळली, पण जमलं. उद्या शाळेत जाऊन सांगायचं.

सकाळी तो अर्ध्या वाटेवर होता, तेव्हा शाळेच्या बाजूनं गोळ्यांचे आवाज आले. पाठोपाठ एक मोटारसायकल त्याला घासून निघून गेली. मागे बसलेल्याची विजार घोट्याच्या वर चार बोटं होती. तिच्यावरची टीप अबोकारनं ओळखली.

संध्याकाळी अतेमेच्या अंगणात माणसं जमली, पण कुणी तोंड उघडत नव्हतं. चटईत गुंडाळलेला अतेमे तिरडीवर होता. कुंपणाशी आखूड विजारीतले दोघं उभे होते. डोगोन गेला की सोंगायानं त्याची चेष्टा करूनच त्याला जाऊ द्यायचं, ही रीत. जिहादींच्या अमलात ती पाळणाऱ्याला चाबकाचे फटके बसत.

अतेमेची बायको यासा अबोकारसमोर आली. "भावजी, तुम्ही गप्प राहिलात तर यांना कसं वाटेल?"

अबोकार उठला, तिरडीच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"माझा गुलाम मला न विचारता कुठं नेताय? रोज उशिरा उठणारा हा आळशी कांदा." त्यानं गळ्यातली टेप काढून चटईवर धरली. "आणि एवढा लांब? आधी सांगायचं होतं, आखूड केला असता."

यासा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग म्हातारे हसले. कुंपणाशी ते दोघं एकमेकांशी काही बोलले आणि अबोकारकडे नीट बघून घेतलं.

अबोकारनं टेप गळ्यात घातली आणि पुढचा खांदा घेतला. वाटेत चटईशी तोंड नेऊन तो हळूच म्हणाला, "अतेमेसर, माझं ऐकायचं होतंत."