बावन्नचं रीडिंग

आमची खुशबू राउटर दुरुस्त करते. पान्यानं नाही, लिहून. राउटर म्हणजे घरात इंटरनेट वाटणारा डब्बा, अन् त्याच्या पोटात जो प्रोग्राम चालते तो फर्मवेअर. कंपनी जुन्या डब्ब्याले वाऱ्यावर सोडते, मग जगभरातले लोक मिळून त्याच्यासाठी फुकट फर्मवेअर लिहितात. ना पगार, ना हजेरी. मी विचारलं, तुमचा फोरमन कोण? ती म्हणाली, कोणीच नाही, सगळे एकमेकांचं काम तपासतात. असं कुठं असते का!

आमच्या जामुलच्या बुद्ध विहारातल्या अभ्यासिकेत असे आठ जुने डब्बे आहेत. दुपार झाली की ते अटकायचे. खुशबूनं त्यावर इलाज लिहिला होता, डब्बा तापला की त्यानं आपला वेग कमी करायचा. तो चालला तर ठीक, नाहीतर त्या मॉडेलचं नाव फर्मवेअरच्या यादीतूनच कटणार होतं, अन् आठही डब्बे भंगारात.

ती सकाळीच रायपूरले नोकरीवर जाते. म्हणून एक डब्बा घरी ठेवून मले म्हणाली, बाबा, तीन दिवस दर अर्ध्या तासानं स्क्रीनवरचं तापमान लिहा, अन् डब्बा अटकला तर वेळ लिहा. मी छत्तीस वर्षं कुम्हारीच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीचे मीटर पाहिले, मले काय शिकवते! रेघा मारून लॉगबुक तयार केलं.

दोन दिवस कूलरपुढं बसून एकही रकाना चुकवला नाही. आकडा एकच, बावन्न. तिसऱ्या दिवशी कंटाळलो. जेवण झाल्यावर कूलर बंद केला अन् पावर हाउस वस्तीत माझा दोस्त धर्मेंद्रच्या दुकानात गप्पा मारायले गेलो. चार वाजता परत आलो तर चंपा, माझी बायको, म्हणाली की डब्बा अटकला होता, मी बटन बंद केलं अन् थंड झाल्यावर चालू केलं. आता हे लिहावं तर मी गायब होतो हेही लिहावं लागते. मिलमध्ये दोनचारदा जे केलं होतं तेच केलं. खुर्चीत बसून सहा रकान्यांत बावन्न भरलं अन् सही ठोकली.

खुशबूनं लॉगबुक पाहून, त्यातले आकडे जोडून काम पाठवलं. खाली लिहिलं, तपासणारा: आनंदराव मेश्राम. तिनं ते दाखवलं तेव्हा मी लॉगबुक मिटून ठेवलं.

आठ दिवसांनी जर्मनीहून, हे फर्मवेअर लिहिणाऱ्यांतल्याच एका बाईचं पत्र आलं. तिचा त्याच मॉडेलचा डब्बा उन्हाच्या खिडकीत अटकला होता. तिनं विचारलं, तुमच्याकडे मे महिन्यात दिवसभर बावन्नच? खुशबू दोन दिवस स्वतःचीच ओळ न् ओळ तपासत बसली. माझ्यानं पाहवेना.

"तिसऱ्या दिवशीचं दुपारचं रीडिंग खोटं आहे," मी म्हणालो. "डब्बा अटकला होता. मी घरी नव्हतो."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"बाबा, तुमची सही पाहून मी माझा शब्द दिला होता," एवढंच म्हणाली, अन् तिथल्या तिथं सगळ्यांले लिहून टाकलं की आमची तपासणी चुकीची आहे, काम थांबवा. मले लाज वाटली, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कूलर बंद करून डब्ब्यापुढं बसलो. भट्टीच्या वेळचं माझं जुनं थर्मामीटर काढलं, झाकण उघडून आतल्या चिपले टेकवलं. सत्तर. ऐंशी. शहाऐंशी. अन् स्क्रीनवर? बावन्न! कूलर लावला, माझा आकडा उतरला. स्क्रीनवर बावन्नच.

मग माझी ट्यूब पेटली. हा डब्बाही माझ्यासारखाच निघाला, सकाळी एकदा रीडिंग घेते अन् दिवसभर खुर्चीत बसून तेच भरून राहिला. जो काटा हलतच नाही तो मीटर मेलेला, हे मी मिलमध्ये नव्या लोकांले शिकवायचो. मग मले दोन दिवस शंका कावून नाही आली? कारण बावन्न मलेही सोयीचं होतं.

संध्याकाळी खुशबूले हे सांगितलं, तर ती चप्पल न काढताच प्रोग्राम तपासायले बसली. खरंच, प्रोग्राम सुरू होताना एकदाच तापमान वाचत होता अन् तोच आकडा पुढं रेटत होता. गरम झालं हेच डब्ब्याले कळत नव्हतं, म्हणून तो वेग कमी करत नव्हता, शेवटी अटकायचा. तिनं ते बदललं. पुन्हा तीन दिवस मी हललो नाही, कूलरही लावला नाही. आता आकडे चढत होते, उतरत होते, अन् डब्बा चालू होता. जर्मनीच्या बाईचाही चालला.

पाठवायच्या आधी खुशबूनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. तपासणाऱ्यात त्या बाईचं नाव होतं, माझं नव्हतं. मी म्हटलं, बरोबर केलं. तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. दोष कळवणारा: आनंदराव मेश्राम.

मिलमध्ये दोष कळवला की मेमो मिळायचा, अन् इथं नाव लागते! मी चंपाले हाक मारून दाखवलं. तिनं पदराले हात पुसत सगळं वाचलं.

"अटकला हे तर मी सांगितलं होतं तुमाले," ती म्हणाली, अन् स्वयंपाकघरात गेली.

मी खुशबूले थोडं सरकायले सांगितलं. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, माझ्या नावाच्या आधी चंपा मेश्राम लिहिलं.